कूलरमधला लॅपटॉप

मी भाड्याने राहायला गेले त्याच दिवशी संध्याकाळी पाण्याची मोटर लावायला खाली उतरले, तर बटणावर दोऱ्याने एक लाल कार्ड लटकत होतं. 'धोका. माणूस काम करत आहे. चालू करू नये.' खाली तारीख, वेळ आणि झोकदार सही. मी टाकीच्या आसपास माणूस शोधला. कुणी नव्हतं. घरमालक व्हरांड्यात खुर्चीवर बसून पपई खात होते.

"काका, मोटरवर कोण काम करतंय?"

"मीच करून राहिलो."

"तुम्ही तर पपई खाताय."

"मंग? पपई झाली का तिकडंच जाणार आहो. टॅग पयले, काम नंतर."

त्या रात्री मला पाणी मिळालं साडेनऊला. घर बदलावं असं मनात आलं होतं, पण खोल्या हवेशीर होत्या आणि काकूंनी वर पिठलं पाठवलं होतं, म्हणून राहिले. पुढे सहा वर्षं राहिले.

काकांनी आयुष्य एका औष्णिक वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये काढलं होतं आणि तिथला एक नियम घरी आणला होता. यंत्राला हात लावण्याआधी टॅग लावायचा आणि ज्याने लावला त्यानेच तो काढायचा. साहेब येवो की मंत्री येवो, दुसऱ्याने बोट लावायचं नाही. निवृत्त होताना लोक अंगठी करतात, चारधाम करतात. यांनी गांधीबागेतल्या लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून शंभर टॅग छापून घेतले. त्या माणसाने हातच्या सवयीने वर गणपती टाकला, आणि त्याखाली 'धोका'. काकांनी कार्डं परत केली नाहीत. "असू द्या," म्हणाले. "दोघायनं सांगतलं त लोक आयकते."

टॅग मिक्सरवर असे, इस्त्रीवर असे, मुरायला ठेवलेल्या लोणच्याच्या बरणीवरही असे. एकदा काका दुपारी खुर्चीत घोरत होते, तेव्हा काकूंनी त्यांच्याच शर्टाच्या बटणाला एक टॅग अडकवला आणि भाजीला गेल्या. मी कॉलेजातून आले तेव्हा काका टक्क जागे होते, पण जागचे हलले नव्हते. मी म्हटलं, काका, काढा की ते. तर म्हणाले, "तिनं लावला. तिची सही आहे त्याच्यावर." काकू दीड तासाने आल्या तोवर ते तसेच बसून होते. चहा मी करून दिला, तोही त्यांनी हात शक्य तितका कमी हलवून प्यायला.

दुर्बिणीचा नाद त्यांना निवृत्तीनंतर लागला. "जनमभर काटे पाहिले," म्हणाले, "आता जरा गोल गोष्टी पाहू." गच्चीवरून चंद्र आणि गुरू सोडले तर फारसं दिसत नसे, कारण खाली अख्खं नागपूर पेटलेलं. त्याबद्दल मात्र त्यांनी कधी कुरकुर केली नाही. "हे दिवे मीच त पेटवले. आता कोणाले बोलू?"

मग दुर्बिणीला लावायचा कॅमेरा आला. त्याला ना बटण ना पडदा. झाकणाच्या डबीसारखा गोल, मागून वायर निघालेली. लॅपटॉपशिवाय तो आंधळा. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे यातलं मला कळतं असा काकांचा समज होता. माझाही होता. माझ्याकडे नवा लॅपटॉप आला होता, म्हणून जुना मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, त्यांना देऊन टाकला. मला वाटलं, दोन-चार प्रोग्राम टाकायचे, संध्याकाळचं काम.

काकांना दसरा उजाडला.

आधी त्यांनी त्यातलं सगळं पुसलं. माझ्या नोट्स मी काढून घेतल्याच होत्या, पण म्हटलं गाणी तरी राहू द्या, रात्री सोबत होईल. तर त्यांनी मान हलवली आणि त्यांचं ठरलेलं वाक्य ऐकवलं. "मॅडम, मशीनले एकच काम द्या. माणसाले दोन दिले तरी तो एकच करते." पत्त्यांचा खेळही गेला. काकूंचा चेहरा उतरलेला मी पाहिला. त्यांना वाटलं होतं, घरात लॅपटॉप आला, आता दुपारी पत्ते मांडता येतील.

मग त्याची झोप बंद केली. झाकण मिटलं तरी जागं राहायचं, बॅटरी उतरली तरी पेंगायचं नाही. "नाइट शिफ्टवाल्याले झोप कायची?" मग वायरी. कॅमेऱ्याची वायर ज्या भोकात पहिल्या दिवशी घातली त्याच भोकात ती रोज जायला हवी, नाहीतर लॅपटॉप गोंधळतो. म्हणून काकांनी काकूंच्या नेलपॉलिशने भोकं रंगवली. लाल कॅमेऱ्याला, गुलाबी दुर्बीण फिरवणाऱ्या मोटरला आणि मोतिया रंग दुर्बिणीला ताऱ्याच्या मार्गावर धरून ठेवणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याला. तीन भोकांना तीन बाटल्या संपल्या, कारण प्रत्येक रंगाचे तीन हात दिले होते. काकू त्या दिवशी मला म्हणाल्या, "माह्या लग्नात माह्या नखाले इतका रंग नव्हता लागला वं."

शेवटी इंटरनेट तोडलं. मी म्हटलं, तोडू नका, नुसतं अपडेट थांबवा, सेटिंगमध्ये सोय असते. तर म्हणाले, "ज्या घराले दारच नाही, तिथं पाव्हणा येईन कुठून?"

हे सगळं बसवलं कूलरमध्ये. नागपुरात प्रत्येक गच्चीवर एक मेलेला कूलर असतोच. काकांनी त्यातला पंखा, पंप, गवत सगळं काढलं आणि उरलेल्या पत्र्याच्या खोक्यात फळी ठोकून लॅपटॉप ठेवला. मी पोट धरून हसले. मग हसू ओसरल्यावर दोष शोधायला लागले आणि मला एकही सापडला नाही. तिन्ही बाजूंनी हवा, वरून दव पडणार नाही, पडद्याचा उजेड बाहेर फुटणार नाही, आणि खाली चाकं. पडद्याला लाल जिलेटिनचा कागद, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत. कूलरच्या दारावर अर्थातच टॅग.

आत एक वही होती. तिच्यात दर संध्याकाळी पाळी सुरू झाल्याची नोंद होई आणि पाळी देणारा व पाळी घेणारा अशा दोन सह्या. दोन्ही काकांच्या. एकदा मी त्यांना वही हातात घेऊन चिडलेलं पाहिलं. "सकाळच्यानं चार्जर लावून ठेवला नाही," म्हणाले. मी विचारलं, सकाळचा म्हणजे कोण? "मीच. पण तो मानूस आधीपासून तसाच ढिला आहे."

मग सुरू झाली चाचणी. सलग पाच दिवस संध्याकाळी त्यांनी कॅमेऱ्याला झाकण लावून फोटो काढले. काकू चिंतेत पडल्या. मला जिन्यात गाठून हळूच म्हणाल्या, "झाकण लावून फोटो काढून राहिले. दाखवू का कोणाले?" मी त्यांना समजावलं की कॅमेऱ्यात स्वतःचे काही ठिपके उमटतात, ते नंतर वजा करायला असे अंधाराचे फोटो लागतात. काकूंना पटलं नाही. खरं सांगायचं तर काकांनी मला एकामागून एक चाळीस काळे फोटो दाखवले आणि "हा पाहा, हा किती सुंदर काळा आला" असं म्हणाले, तेव्हा मलाही पटेना.

त्याच दिवसांत धूमकेतू आला. संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला, साध्या डोळ्यांनीही दिसेल असा. पेपरात फोटो यायला लागले. कॉलेजातली पोरं मोबाईलवर काढलेले ठिपके मला दाखवत होती. मी काकांच्या मागे लागले, चला, बाहेर जाऊ, शहराबाहेर काळोख आहे. तर म्हणे चाचणी पुरी व्हायची आहे.

"धूमकेतू थांबणार आहे का तुमच्या चाचणीसाठी?"

तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं, त्यानंतर मी त्यांची थट्टा जरा कमी केली. ते नोकरीला लागले त्या काळात एक मोठा धूमकेतू आला होता. सगळं जग पाहत होतं. नेमकी त्यांची पाळी दुपारी दोन ते रात्री दहा. "कंट्रोल रूमले खिडकी नसते, मॅडम. पंधरा दिवस तो माह्या डोक्यावरून जाऊन राहिला होता अन् मी आत काटे पाहून राहिलो होतो. हा मले नीट पाहिजे. धावत-पळत नाही." या माणसाला एक फोटो हवा होता. आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली ती बहुधा पहिली गोष्ट असावी, आणि तीही तो चाचणी घेऊन मागत होता.

चाचणी संपली त्या दिवशी आभाळ आलं. चार दिवस राहिलं. पाचव्या दिवशी लख्ख उघडलं, पण दुसऱ्या दिवसापासून पुन्हा ढग येणार होते आणि ते जाईपर्यंत धूमकेतू फिका पडलेला असणार होता. म्हणजे एकच संध्याकाळ. काकूंच्या भावाचं शेत कुहीजवळ आहे, तिथे जायचं ठरलं. काका दुपारी जेवून झोपले, कारण ड्युटी होती. काकू भिशीला गेल्या.

आणि मी, सांगायला लाज वाटते, मी तो टॅग काढला.

कॉलेजात चाचणी परीक्षेचे गुण संध्याकाळी पाचच्या आत भरायचे होते. माझ्या नव्या लॅपटॉपचा पडदा सकाळीच काळा पडला होता. मोबाईलवर तो तक्ता उघडेना. शेतावर न्यायला कूलर खाली व्हरांड्यात आणून ठेवला होता आणि त्यात माझाच जुना लॅपटॉप होता. मी दोन वेळा जिन्यावरून परत फिरले. तिसऱ्या वेळी गणपतीला मनात नमस्कार केला, टॅग सोडला, माझ्या मोबाईलचं इंटरनेट त्याला जोडलं आणि वीस मिनिटांत गुण भरले. इंटरनेट परत तोडलं, वायरी रंग पाहून लावल्या, टॅग तसाच्या तसा बांधला. काकांची गाठ जरा वेगळी असते, तीही बसवली. पदरात पाप आणि चेहऱ्यावर साळसूदपणा घेऊन मी शेतावर निघालेल्या व्हॅनमध्ये कूलरशेजारी जाऊन बसले.

शेतावर काकूंचे भाऊ वाट पाहत होते. कुहीचे मामा म्हणतात त्यांना. डावा हात कोपरापासून नाही, तरुणपणी कुठल्याशा मशीनमध्ये गेला एवढंच मला माहीत होतं. बॅटरी काखेत, किटली उजव्या हातात, आणि तोंड सतत चालू. "जावईबुवा, कूलर काहून आणला गा? धानाले हवा घालता का?"

काका हसले नाहीत. ड्युटीवर ते हसत नसत. दुर्बीण बसली, वायरी बसल्या, वहीत दोन सह्या झाल्या. धानाच्या बांधीपलीकडे सूर्य बुडाला. काकांनी टॅग सोडला, खिशात ठेवला आणि लॅपटॉप सुरू केला.

लाल कागदाआडून अक्षरं आली. अपडेट चालू आहे. तीन टक्के. संगणक बंद करू नका.

वीस मिनिटांत त्या मेल्याने सगळं उतरवून ठेवलं होतं. मी म्हटलं, "काका, बटण दहा सेकंद दाबून धरा. बंद होईल. मग पुन्हा चालू करा, बहुतेक काही होत नाही."

काका वाचत होते. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. "त्यानं टॅग लावला, मॅडम."

"कोणी?"

"यानं. लिहून राहिला न, बंद करू नका. आत काम चालू आहे त्याचं."

"काका, तो लॅपटॉप आहे. अर्ध्या तासात धूमकेतू जाईल."

"ज्यानं लावला, तोच काढन."

सहा टक्के. मी हात जोडले, मी चिडले, शेवटी मीच बटणाकडे हात नेला, तर काकांनी माझं मनगट धरलं. घट्ट नाही, पण सोडलंही नाही. अकरा टक्के. तेवढ्यात मामा म्हणाले, "अरे, तिकडं काय पाहून राहिले? हा त इथं आहे."

खरंच होता. पळसाच्या झाडांवर, खडूने ओढून बोटाने पुसावा तसा. काकूंनी पदर सावरून हात जोडले. काकांनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि बराच वेळ पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे पाहिलं. चौदा टक्के.

"मॅडम," ते शांतपणे म्हणाले, "याले दार नव्हतं. पाव्हणा कुठून आला?"

मी सांगितलं. परीक्षेचे गुण, काळा पडदा, गाठ, सगळं. सांगताना मला रडू फुटलं, आणि चाळिशी उलटलेल्या बाईने शेतात उभं राहून रडावं याचीही लाज वाटली. मी म्हटलं, काका, मला वाटलं वीस मिनिटांत काय होतंय.

"मलेही तसंच वाटलं होतं," काका म्हणाले.

मला कळलं नाही. ते खाली बांधावर बसले आणि काट्यांचे आकडे सांगावेत तशा आवाजात सांगायला लागले. नोकरीचं दुसरं वर्ष. एका मोठ्या पंख्याच्या बटणावर आदल्या पाळीचा टॅग होता. आसपास कोणी नाही, वरून साहेबाचा फोन, पंखा लावा. त्यांना वाटलं, काम झालं असेल, काढायचा राहिला असेल. त्यांनी काढला. आत एक माणूस होता, कंत्राटदाराचा.

"मी होतो," मामा म्हणाले आणि किटलीतून माझ्यासाठी चहा ओतला. "घ्या मॅडम. साखर जास्त आहे."

चौकशीत मामांना विचारलं, टॅग होता का? मामा म्हणाले, मले याद नाही. काकांनी स्वतः उठून सांगितलं, होता, मी काढला. दोन वर्षं बढती अडली. मामा दवाखान्यात होते तेवढे दिवस ते पाळी संपली की भेटायला जात. तिथे मामांची बहीण डबा घेऊन येत असे.

"मी त याच्याशी बोलतच नव्हती," काकू म्हणाल्या. "पण हा हटेच ना."

मी पश्चिमेकडे पाहिलं. धूमकेतू झाडांत शिरला होता. थोड्या वेळाने तिथे नुसतं आभाळ उरलं. लॅपटॉप बेचाळीस टक्क्यांवर होता.

"पुन्हा कधी येणार हो हा?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण गप्प बसवेना.

"आपल्यापैकी कोणाच्या ड्युटीत नाही," काका म्हणाले. मला वाटतं त्यांना फार वाईट वाटलं होतं. पण त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही, मला ते एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

काकूंनी सतरंजी अंथरली. वांग्याची भाजी, पोळ्या, वरणभात. आम्ही कूलरला टेकून बसलो. काकांनी आपलं ताट बाजूला सारलं, मामांचं ओढून घेतलं, भातावर वरण घातलं, तूप घातलं आणि नीट कालवून, गुठळ्या फोडून ताट त्यांच्या उजव्या हाताशी ठेवलं. मी त्यांना हे कधी करताना पाहिलं नव्हतं. मामा घरी येत तेव्हा मी वर असे.

"दवाखान्यापासून चालू आहे," काकू मला म्हणाल्या. "सणाले, लग्नात, कुठंबी. दुसऱ्या कोणाले हात लावू देत नाही."

काका हात धुवायला विहिरीकडे गेले. मामा जरा माझ्याकडे सरकले. उजवा हात त्यांनी माझ्यासमोर धरला, पाची बोटं उघडली, मिटली. चांगला रापलेला, नांगराचा हात.

"मॅडम, मले कालवता येते," ते हळू आवाजात म्हणाले. "पयल्या दिवसापासून येते. पण त्याले सांगू नका."